वाडा, भाडेकरू आणि शहर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला प्रथम जो विषय सुचविला तो 'ऐतिहासिक वास्तूंचे जतन' असा होता. त्यात 'भाडेकरू' हा शब्द घालू द्यावा अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली. जुन्या वास्तूंचा विचार त्यांत राहणाऱ्या माणसांना वगळून करावयाचा, अशी एक सवय आपल्याला जडली आहे. किल्ल्यात आज कोणी राहत नाही आणि देवळात राहतो तो देव. त्याला भाडेपावती लागत नाही आणि पागडीही लागत नाही. त्यामुळे किल्ल्याचे नि देवळाचे जतन हा निधीचा प्रश्न असतो, कष्टाचा असतो. पण माणसामाणसांतील तंट्याचा नसतो. वाडा आणि चाळ यांची गोष्ट निराळी आहे. त्या राहत्या वास्तू आहेत. घराचा विषय काहींना रुक्ष वाटेल. पण तो रुक्ष वाटतो तो ज्याला घर आहे त्याला.

ठाण्याला आणि कल्याणला इतिहासाची वाण नाही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला. १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला. १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी तेथेच फाशी दिले गेले. मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार १७६० साली रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. कल्याणच्या सुभेदारवाड्याचे नावही याच बिवलकरांच्या सुभेदारीशी जोडलेले आहे आणि त्या वाड्याच्या नावाने चालणाऱ्या सार्वजनिक गणेशोत्सवाला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. दुर्गाडीचे नाव घेतले की मराठ्यांच्या आरमाराची आठवण निघते. ही नावे पुस्तकांत आहेत आणि शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल मी आज अधिक बोलणार नाही.

मला बोलावयाचे आहे ते ज्यांना पाटी नाही अशा घरांबद्दल. ठाण्यात चरई, खारकर आळी, महागिरी आणि नौपाडा; कल्याणात टिळक चौक, पारनाका आणि बाजारपेठ; डोंबिवलीत स्टेशनाच्या दोन्ही अंगांच्या जुन्या चाळी आणि बैठी घरे. यांतले एकेक घर घेतले तर त्यात अद्भुत असे काही नसेल. जोत्याला दगड, वर विटा नि चुना, सागवानी खांब, कडीपाट, डोक्यावर कौले, मागे विहीर नि परसू. पण ओळीने उभी असलेली अशी वीस घरे म्हणजे एक आळी होते. आणि आळी ही वस्तू एकदा मोडली की कोणत्याही रकमेला पुन्हा विकत मिळत नाही.

ही घरे गरिबांची घरे कशी झाली, ते पाहण्यासारखे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत गेली. गाडीबरोबर नोकरी आली, नोकरीबरोबर कोकणातून नि घाटावरून माणूस आला, आणि त्याला राहावयास जागा पाहिजे होती. तेव्हा सरकारची गृहनिर्माण योजना नव्हती. जागा दिली ती वाड्यांनी. ओसरीला आडोसा घालून एक खोली निघाली, माजघराची दोन बिऱ्हाडे झाली, गोठा रिकामा होता तेथे तिसरे आले आणि परसात चाळ उभी राहिली. मूळ एका कुटुंबासाठी बांधलेल्या वास्तूत आठ-दहा कुटुंबे राहू लागली. आज ज्याला आपण 'परवडणारी घरे' असे म्हणतो ती या शहरांनी अशा रीतीने, कोणाचेही भाषण न ऐकता, निर्माण केली होती. तेव्हा वारसा एका बाजूला आणि स्वस्त निवारा दुसऱ्या बाजूला, असा जो देखावा आपल्यापुढे मांडला जातो तो मुळातच खोटा आहे. आपल्या जुन्या शहरांत पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही एकाच छपराखाली नांदत आली आहेत, आणि ते छप्पर कोसळते तेव्हा दोन्ही एकदमच मरतात. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे तो त्याचा विस्तार होय.

ते छप्पर कोसळते का? प्रथम लाकूड नि चुना काय म्हणतात ते पाहू. एक कौल फुटते. त्यातून पाणी वाशावर पडते. वासा भिजतो आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. पाणी भिंतीत उतरते आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते, कोणाच्या नजरेस न पडता, कुजू लागते. तुळई मधोमध ठणठणीत दिसते; दगा देते ती टोकाला. कौल फुटले त्या वर्षी हे काम एका माणसाच्या अर्ध्या दिवसाचे होते. दहा वर्षांनी ते सुताराचे होते, आणि वीस वर्षांनी ते अग्निशामक दलाचे होते. पुढच्या काळात बांधलेल्या सिमेंटच्या इमारतींचीही तीच कथा, फक्त वाळवीच्या जागी गंज. पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि फुगताना अंगावरचे काँक्रीट फोडते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने होते. सारांश, इमारत म्हातारपणाने मरत नाही, दुर्लक्षाने मरते.

मग दुर्लक्ष का होते? येथे घरमालक लोभी आणि भाडेकरू बेपर्वा असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हिशेब मांडून पाहिला तर दोघेही आपापल्या परीने शहाणपणानेच वागताना दिसतात. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा न्याय्य होता. त्यामुळे लाखो माणसे रस्त्यावर यावयाची वाचली. पण टंचाईपुरता केलेला कायदा अर्धशतक चालला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडी अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने आरंभी पाच टक्के आणि पुढे दर वर्षी चार टक्के वाढ घेण्याची मुभा दिली. आता समजा, २००० साली एका खोलीचे भाडे वीस रुपये होते. मालकाने एकही वर्ष न चुकता वाढ घेतली, तरी पंचवीस वर्षांनी ते महिना साठ रुपयांच्या आतच राहते. दहा बिऱ्हाडांचे सहाशे. त्यात पालिकेचा कर भरावयाचा की कौले बदलावयाची?

बरे, भाडेकरूने आपण होऊन दुरुस्ती करावी म्हटले तर त्याच कायद्याने त्यालाही वाट ठेवली आहे. मालकाला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, त्याने काही केले नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा; मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे. आपल्या उदाहरणात ही रक्कम वर्षाला पावणेदोनशे रुपयांच्या आत येते. एवढ्यात एका मिस्त्रीची एका दिवसाची मजुरीही निघत नाही! म्हणजे कायद्याने हक्क दिला. पण हक्काबरोबर शिडी दिली नाही.

अशा स्थितीत मालकाला वाट पाहण्यात हित दिसते. इमारत मोडकळीस आली, पालिकेने ती अतिधोकादायकांच्या यादीत घातली आणि रिकामी करविली, की खाली उरते ती जमीन, आणि जमिनीचा भाव आभाळाला पोचला आहे. भाडेकरूला चिकटून राहण्यात हित दिसते. कारण एकदा बाहेर पडलो की परत येऊ याची त्याला खात्री नसते. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. पण न्यायालयातला हक्क आणि हातातली किल्ली यांत कित्येक वर्षांचे अंतर असते, हे साठीच्या भाडेकरूला आपण सांगावयास नको. म्हणून तो टेकू लावून त्याच खोलीत राहतो.

याचा शेवट काय होतो ते २०१५ च्या पावसाळ्याने आपल्याला दाखविले. २८ जुलै रोजी ठाकुर्लीतील मातृछाया ही इमारत कोसळली आणि नऊ माणसे मेली. त्याला आठवडा होतो न होतो तोच, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्याच्या बी केबिन भागातील कृष्णनिवास कोसळली आणि बारा माणसे गेली. ही घरे कोणत्याही वारसायादीत नव्हती. पण जतनाचा विचार यादीपासून सुरू करावयाचा की या माणसांपासून, असा प्रश्न मला कोणी विचारला तर माझे उत्तर ठरलेले आहे. वाडा आणि माणूस यांतून एकच वाचवावयाचा असेल, तर मी डोळे मिटून माणूस म्हणेन. मात्र एवढे ध्यानात ठेवा की, ही निवड आपल्यापुढे येते ती तीस वर्षांच्या दुर्लक्षाच्या शेवटी. पहिल्या वर्षी दोन्ही वाचत होते.

"मग पाडा आणि नवे बांधा, त्यात काय!" असे कोणी म्हणेल. पाडून बांधणे हा काही वेळा एकमेव मार्ग असतो हे मला मान्य आहे. पण त्याने स्वस्त घरांचा प्रश्न सुटतो काय? वाड्याच्या जागी इमारत उठते. मूळ भाडेकरूंना खोलीच्या बदल्यात सदनिका मिळते, ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु वरचे मजले विकले जातात ते बाजारभावाने. शहरात नव्याने आलेल्या शिक्षिकेला, दुकानातल्या कारकुनाला, रिक्षावाल्याला तेथे शिरकाव नाही. मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरे लहान उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे. पण तो लागू होतो चार हजार चौरस मीटरपासून पुढे. जुन्या आळीतला कोणता वाडा चार हजार चौरस मीटरांचा असतो? म्हणून एकेक वाडा पडताना शहरातून दहा स्वस्त बिऱ्हाडे कायमची नाहीशी होतात आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

ही बिऱ्हाडे जावयाची कोठे? ती दिव्याला जातात, टिटवाळ्याला जातात, आणि जेथे कागद न तपासता स्वस्त घर मिळते तेथे जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली; ७४ माणसे मेली. ती जुनी नव्हती, तिचे बांधकाम तेव्हा चालूच होते! डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांत घर घेणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातलेली होती. तेव्हा जुने म्हणजे धोक्याचे आणि नवे म्हणजे सुरक्षित हे समीकरण आपण सोडून द्यावे. धोका वयात नसतो, देखरेखीच्या अभावात असतो.

हा पेच आपल्याच नशिबी आला आहे असे नाही. पॅरिसच्या मध्यभागी मारे नावाची जुनी वस्ती आहे. जुन्या सरदारांच्या हवेल्यांत तेथे कारागीर नि मजूर दाटीवाटीने राहत. १९६२ साली, आंद्रे मालरो हे सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना, फ्रान्सने जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा केला. हवेल्या वाचल्या, त्यांचे दगड धुऊन निघाले, आणि आज जगभरचे प्रवासी त्या पाहावयास जातात. परंतु चौकांतले कारखाने हलले, भाडी चढली आणि जे तेथे राहत होते ते हळूहळू शहराबाहेर गेले. इमारती राखल्या, वस्ती गेली.

इटलीतील बोलोन्याने दुसरी वाट धरली. १९७३ साली तेथील नगरपालिकेने असा विचार केला की, सरकारी स्वस्त घरांचा पैसा गावाबाहेर नव्या इमारतींवरच का घालावा? तोच पैसा जुन्या गावातल्या जीर्ण घरांच्या दुरुस्तीवर घातला तर घरेही वाचतील आणि भाडेकरूही राहतील. प्रथम घरे ताब्यात घेण्याचा बेत होता. त्याला मालकांनी विरोध केला. मग पालिकेने करार केले: दुरुस्तीला मदत आम्ही करू, तुम्ही भाडे मर्यादेत ठेवा आणि जुन्या भाडेकरूला परत घ्या. दर्शनी भाग, जिना, चौक जुना राहिला. आत मोरी नि संडास नवे आले. काम योजिले होते तितके झाले नाही, हे सांगितले पाहिजे. पण वारसा आणि निवारा यांचा खर्च एकाच खात्यावर मांडता येतो, एवढे त्या गावाने सिद्ध करून दाखविले.

आपल्याला हे जमेल काय? आपल्या शेजारीच एक अर्धीमुर्धी सोय आहे. १९६९ साली मुंबईतील जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. जुन्या इमारतींवर उपकर बसवावयाचा, त्यात सरकारची भर घालावयाची आणि मंडळाने दुरुस्ती करावयाची, अशी ती व्यवस्था. तिचे दोष उघड आहेत. मंडळ असूनही २०१७ साली भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पडून ३३ माणसे मेली. तरी तेथे भाडेकरूने दार ठोठवावे असे एक दार आहे. पण ते दार माहीम-शीवच्या पलीकडे, मुंबई बेटापुरतेच आहे. ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या भाडेकरूला ते नाही. आपल्याकडे पालिका तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी करून घ्या म्हणते, पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी लावते, नोटीस देते, वीज नि पाणी तोडते. रोगाचे निदान आहे आणि मृत्यूचा दाखला आहे. मधला दवाखाना तेवढा नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांसाठी दुरुस्तीचा स्वतंत्र निधी असावा. नव्या उंच इमारतींकडून पालिका जे अधिमूल्य घेते त्यातला ठरलेला वाटा त्यात जावा. मदत घेणाऱ्या मालकाने बोलोन्यासारखा करार करावा, आणि त्या बदल्यात दुरुस्तीच्या खर्चाच्या प्रमाणात त्याला भाडेही वाढवून मिळावे. साठ रुपयांत घर राखले जात नाही, हे भाडेकरूंनीही मान्य केले पाहिजे. हे मी भाडेकरूंच्या सभेतही बोललो असतो.

दुसरी सूचना विकास-हक्कांच्या हस्तांतराबद्दल, ज्याला लोक टीडीआर म्हणतात. वारसा वास्तूवर मालकाला पूर्ण बांधकाम करता येत नाही. म्हणून न वापरलेला हक्क त्याने दुसरीकडे विकावा, अशी ही कल्पना आहे. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांपासून ती आहे आणि २०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीतही तिला स्थान आहे. कल्पना चांगली आहे. मात्र हा हक्क कागदावर सही झाली म्हणून मिळू नये. छप्पर दुरुस्त झाले, तुळया बदलल्या आणि भाडेकरू आत आहेत हे पाहून टप्प्याटप्प्याने मिळावा. नाहीतर मालकाच्या हाती पैसा येईल आणि भाडेकरूच्या डोक्यावर पाणी गळतच राहील.

तिसरी सूचना यादीबद्दल. आपल्या याद्या एकेका वास्तूच्या असतात. त्या आळीवार झाल्या पाहिजेत. समूह पुनर्विकासाच्या योजनेला माझा विरोध नाही. किसननगरसारख्या दाट नि धोक्याच्या वस्तीत, जेथे २०२३ साली त्या कामाला आरंभ झाला, तिची गरज आहे. पण तोच गज घेऊन चरई किंवा पारनाका मोजावयास निघू नये.

आणि एक शेवटचे, जे जतनाच्या कैवाऱ्यांना उद्देशून आहे. सामाईक संडासापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला सागवानी खांबाचे सौंदर्य सांगावयास आपण जाऊ नये. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध बाईला आधाराचा जिना पाहिजे, घरात नळ पाहिजे, दाराला आतून कडी लागेल असे न्हाणीघर पाहिजे. हे देता येत असेल तर ती स्वतःच त्या घराची पहिली रक्षक होईल. देता येत नसेल तर ते घर पाडावयास निघणाऱ्या पहिल्या माणसाला ती आशीर्वाद देईल, आणि तिला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

श्रोतेहो, पावसाळा आता जवळ आला आहे. धोकादायक इमारतींच्या याद्या लवकरच लागतील. त्या वाचताना आपल्या आळीतील नावापुढे नुसती खूण करून थांबू नका. त्या घरात किती कुटुंबे राहतात, गळती कोठे आहे, दुरुस्तीचा अंदाज कोणी काढला आहे काय, मालक नि भाडेकरू एकदा तरी एका बैठकीला बसले आहेत काय, एवढी चौकशी करा. वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, व्याख्यानमाला चालविणाऱ्या या शहरांना असल्या चार बैठका चालविणे कठीण नाही. यंदा प्रत्येक आळीतले एक कौल वेळेवर बदलले गेले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.